मुक्कामाला राहिलेले वाटाणे

कारखान्याच्या मागच्या फाटकावरच्या रखवालदाराला सगळे झडतीमामा म्हणत. सुटीचा भोंगा झाला की मामा डबे उघडायचा, पिशव्या उलट्या करायचा, कुणाचं पोट जरा पुढे आलेलं दिसलं की विचारायचा, "हे तुझंच का रे?" एकदा तर खुद्द मॅनेजरची छत्री त्यानं उघडून पाहिली. आतून कालचं पाणी निघालं, तेही मामाच्याच अंगावर.

असा माणूस पोट बिघडलं म्हणून पोटाला दोष देईल होय? त्यानं सुनेवर संशय घेतला.

जेवला की पोट टम्म व्हायचं आणि संध्याकाळी भडभडून उलटी. कूस बदलली तरी आत अर्धी घागर हिंदकळल्यासारखा आवाज. गालफडं बसली, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. मुलाचं लग्न झाल्यावरच हे सुरू झालं, एवढा धागा मामाला पुरे होता. ताटाचा वास घे, आमटी ढवळून तळ बघ, सून जवळून गेली की तिच्या मुठीकडे बघ, असं चाललं होतं. सून हसून सोडून द्यायची.

शेवटी मामानं चूल वेगळी केली. बटाटे स्वतः आणायचे, स्वतः उकडायचे आणि उरलेले कुलपात ठेवायचे. दिवसभर तेवढंच खाल्लं. संध्याकाळी उलटी झाली, मामानं बादलीत वाकून पाहिलं, तर बटाट्यात वाटाणे.

"सापडली," मामा म्हणाला. "कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

सून पदराला हात पुसत आली. तिनंही वाकून पाहिलं. "बाबा, हे परवाचे आहेत. तुम्ही चूल वेगळी करायच्या आधी, परवा वाटाण्याची उसळ केली होती मी. नंतर घरात वाटाणा आलेला नाही."

"परवाचं आज कसं निघेल? पोट म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

आता मात्र तिचं हसू आटलं. "उद्या दवाखान्यात चला. तिथं माझा दोष निघाला तर मी माहेरी जाते. नाही निघाला आणि तुम्ही पुन्हा असं बोललात, तरी जाते."

मामाच्या मनात पाल चुकचुकली, ही डॉक्टरलाही सामील असेल. पण गेला.

डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून आत पाहिलं, मग कागदावर पाण्याच्या मशकीसारखं जठर काढलं. "जठराला खाली एक दार असतं. स्नायूचं जाड कडं. जठर अन्न घुसळतं, दाराकडे ढकलतं. पेजेसारखं झालं असेल तेवढंच थोडं थोडं पुढे आतड्यात जातं, जाडंभरडं मागे परततं आणि पुन्हा दळलं जातं. जुन्या ग्रीक वैद्यांच्या परिभाषेत या दाराच्या नावाचा अर्थच द्वारपाल आहे."

मामाचे डोळे बारीक झाले. "म्हणजे फितूर झाला म्हणा की. कुणी फितवला?"

"फितूर नाही हो, फार कडक झालाय. तिथं जुनी जखम होती. ती भरताना दार आवळलं गेलं. आता तो कुणालाच सोडत नाही. म्हणून परवाचे वाटाणे आतच मुक्कामाला होते."

"जखम किती जुनी?"

"बरीच वर्षं झाली असतील. या बाईंच्या लग्नाच्या फार आधीची."

मुलगा कोपऱ्यातून पुटपुटला, "फाटकावरचं दुखणं पोटात गेलं." सुनेनं त्याला डोळ्यांनी दटावलं, पण ओठ तिचेही हलले.

दुर्बिणीतून बारकासा फुगा सोडून ते दार रुंद केलं. घरी आल्यावर सुनेनं पातळ पेज वाटीत आणून ठेवली. तिची पिशवी भरून दाराशी होती, ती मामानं येतानाच पाहिली होती. जन्मात प्रथमच त्याला एखादी पिशवी उघडून बघावीशी वाटली नाही.

"सूनबाई, झालं गेलं पोटात घाल."

"घालते. माझ्या पोटाला दार आहे."

मामानं वाटी उचलली. सवय कुठली जाते? नाक नकळत वाटीकडे वळलं. सुनेनं ते पाहिलं, मुकाट्यानं चमचा घेतला आणि पेज स्वतः प्यायला लागली. एक घोट, दुसरा, तिसरा.

"अगं, पुरे," मामानं वाटी ओढली, "मला ठेवशील का काही?"

ती पिशवी रिकामी करायला आत गेली.