पान सातवरची हळद

एखाद्या बाईला तिच्याच लग्नाबद्दल प्रश्न विचारले, आणि उत्तरं ऐकून सांगितलं, की तुझं लग्न झाल्याची आम्हाला खात्री नाही — तर चूक कुणाची धराल तुम्ही? विचारणाऱ्याची, की तिची? चार वर्षांपूर्वी मी याचं उत्तर पत्रक काढून दिलं होतं. गोऱ्या साहेबांना आमच्या साध्या लग्नाची किंमत कळत नाही, असं त्याचं सार. परतूरच्या बाजारात उभं राहून मी ते स्वतः वाटलं. लोकांनी पाठ थोपटली.

पत्रकात होतं ते सगळंच खोटं नव्हतं. पण त्यात एक माणूस गाळलेला होता. तो मी. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही — घरात नाही, ज्यांच्याबरोबर सभा केल्या त्यांनाही नाही.

लग्न माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं. तो फिटर. इंग्लंडमध्ये लोखंड ओतायच्या एका कारखान्यात जायचं त्याचं नक्की होत आलं होतं, म्हणून लग्न घाईनं ठरलं. वहिनी भोकरदनकडची. शाळेत गेलेली नव्हती. मी तेव्हा कॉलेजात, जालन्याला, आणि डोक्यात फक्त चळवळ. लग्न कसं व्हावं हे मी ठरवलं. पांढरे कपडे, बुद्धवंदना, दोन हार, संपलं. पत्रिका छापायची नाही. बँड नाही. फोटोवाला दादानं सांगून ठेवला होता, तोही मी परत पाठवला — फुकटचा खर्च. नोंदणीचं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडं तेव्हा कोण करत होतं?

आणि मग मी त्या लग्नावर पुस्तिका लिहिली. सोळा पानांची. पाचशे प्रती. पान सातवर वाक्य आहे — मला ते पाठ आहे — ‘या विवाहात हळद लागली नाही, कोणत्याही देवापुढं मान लवली नाही.’

हळद लागली होती.

आमची माय — आईला आम्ही माय म्हणतो — तिनं धर्म बदलला तेव्हा घरातले सगळे देव दुधना नदीत सोडले होते. एक टाक तेवढा ठेवला. बोटाच्या पेरभर चांदीचा पत्रा, त्यावर देवीची मूर्त. ज्वारीच्या कणगीत असायचा. लग्नादिवशी सकाळी मी सतरंजी आणायला आतल्या खोलीत गेलो, तर दादा आणि वहिनी पाटावर, दोघांच्या तोंडाला हळद, आणि समोर तो टाक. माय म्हणाली, “बोंबलू नको. एवढं झालं की तुमचं करा, काय करायचं ते.” मी बोंबललो नाही. दादाच्या मानेवर पिवळं राहिलं होतं. पाहुणे यायच्या आत मी माझ्या रुमालानं ते पुसलं आणि त्याला गळ्याचं बटण लावायला लावलं.

म्हणजे मी पाहिलं होतं. पाहून लिहिलं. पुस्तिका दादानंही वाचली. हसला. म्हणाला, “अरे, झ्याक लग्न झालं की ह्ये. आमाला बी बोलवायचं व्हतं.”

मी रागावलो त्याच्यावर. खोटं लिहिल्याची लाज वाटायला हवी होती — वाटला तो राग. असं का होतं?

दादा इंग्लंडला गेला. वर्षाभरानं त्यानं वहिनीसाठी कागद पाठवले. व्हिसा मिळायचा तर लग्न झाल्याचा पुरावा हवा. फोटो नाही, पत्रिका नाही, नोंद नाही. सरपंचाचा दाखला घेतला, आणि त्याला मी माझी पुस्तिका जोडली. पान सातचं इंग्रजी भाषांतर करून, खाली सही करून. दादाला विचारलं नाही. आपलं लिखाण साहेबाच्या टेबलावर जाणार, याचा मला आनंद झाला होता. हेही सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा काही गाळल्यासारखं होईल.

मुलाखत मुंबईला. मी आणि वहिनी, दोघंच गेलो. मनमाडला गाडी बदलायला दोन तास होते, तिथं बाकावर मी तिची तयारी करून घेतली. घराला दारं किती, जनावरं किती, दीर-नणंदा किती. मग लग्न. मी म्हणालो, हळद विचारली तर नाही म्हणायचं, देव विचारला तर नाही म्हणायचं.

ती म्हणाली, “पर भाऊजी, लागल्ती की.”

“पुस्तकात तसं छापलंय. पुस्तक त्यांच्यापाशी हाये.”

“मंग तेन्ला माझ्यापरीस जास्त म्हाईत हाये.” तिनं पदराच्या गाठीतले फुटाणे काढून निम्मे मला दिले. “बरं. न्हाई म्हणते. तुमी शिकलेले.”

आत तिला तास-दीड तास बसवलं. मध्ये दुभाष्या. बाहेर आली तेव्हा ती घामानं भिजली होती, पण खूश होती. एकाच ठिकाणी अडखळले म्हणाली — घराजवळच्या विहिरीला पायऱ्या किती, असं विचारलं होतं. अंदाजानं अकरा सांगितल्या.

चारेक महिन्यांनी पत्र आलं. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. वहिनी खडी फोडायच्या कामावर जायची. त्या दिवशी तशीच धुळीनं पांढरी होऊन माझ्यासमोर बसली. पत्र इंग्रजीत. घरात इंग्रजी येणारा मी एकटा. आता हे शक्य तितकं सरळ लिहितो.

पत्रात असं होतं. नवऱ्याला तिकडं बोलावून लग्नाचा तपशील विचारला, तर तो म्हणाला, सकाळी हळद लागली, घरच्या देवीपुढं नमस्कार केला, दुपारी वंदना झाली. बायको म्हणते, हळद नाही, देवी नाही. दिरानं सही करून दिलेला छापील मजकूरही तिच्याच बाजूचा. लग्नासारख्या गोष्टीत एवढा फरक पडत असेल, तर हे लग्न झाल्याची खात्री पटत नाही, म्हणून अर्ज नामंजूर. शेवटी एक ओळ — हा निर्णय मान्य नसेल तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येईल.

मी पत्र मनात दोनदा वाचलं. मग वहिनीला सांगितलं, “नामंजूर झाला. उत्तरं जुळली न्हाईत.”

“कोणती?”

“ते लिहिलं न्हाई.”

तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. मग विचारलं, “हळदीचं तर न्हाई ना?”

“न्हाई,” मी म्हणालो. “ते बराबर होतं.”

एवढंच. याच्यासाठी हा सगळा कागद काळा करून राहिलोय. अपिलाची ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. अपील करायचं तर कुणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं होतं, की छापलेलं खोटं आहे आणि नवरा सांगतो ते खरं. ते लिहून देणारा मी एकटाच होतो. एक पान. जालन्याला एक चक्कर. मी नव्वद दिवस ते केलं नाही. तुम्ही म्हणाल, विसरला असेल. नाही. मी दिवस मोजत होतो. मुदत संपली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं.

कशाला भीत होतो मी? गावातले जमीनवाले म्हणतील, देव सोडले म्हणणाऱ्यांच्या कणगीत देव निघाला. आमचे लोक म्हणतील, याची पुस्तिका वाचून आम्ही पोरांची लग्नं लावली. दोन्ही बोलणी मी ऐकू शकलो असतो. माणूस त्यानं मरत नाही. वहिनीचं मात्र सगळं त्या एका पानावर अडलं होतं, आणि हे मला त्याच दिवशी कळत होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. पत्र आलं त्या संध्याकाळी ती विहिरीवर गेली. तळ कोरडा होता, त्यामुळं शेवटपर्यंत उतरून पायऱ्या मोजता आल्या. तेरा निघाल्या. घरी येऊन मायला म्हणाली, “दोन पायऱ्यांनी गेलं माझं.” माय म्हणाली, “पाणी आणतीस रोज आन् पायऱ्या ठावं न्हाईत व्हय गं?” पुढं कधी भांडण निघालं की मायच्या तोंडी तेच यायचं. मी जेवत असायचो. जेवत राहायचो.

दादाची पत्रं मीच वाचून दाखवत होतो, उत्तरंही मीच लिहीत होतो. एका पत्रात त्यानं विचारलं, तिनं हळदीचं सांगितलं होतं ना? ती ओळ मी वाचली नाही. उत्तरात लिहिलं, वहिनी घाबरल्या, त्यांना नीट आठवलं नाही. माझं अक्षर चांगलं आहे. खाली तिचा अंगठा.

तिनं मला म्हटलं होतं, भाऊजी, मला वाचायला शिकवा. मी तेव्हा वस्तीत बायांचा वर्ग चालवत होतो, दर आठवड्याला पंधरा-वीस बाया यायच्या. तिला म्हणालो, पुढल्या महिन्यापासून या. असं दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. शाळेतल्या बाईंकडं जाऊन शिकली.

चार वर्षं. दादानं रजा मागितली तर त्याला कामावरून काढतील, म्हणून तो आलेला नाही. ती तेवीस वर्षांची होती, सत्तावीसची झाली. मूल नाही. पाणवठ्यावर बाया विचारतात, नवरा बोलवत न्हाई व्हय? ती म्हणते, साहेब बोलवू देईना. हसून म्हणते. मी ऐकलंय.

आता दादानं पुन्हा कागद पाठवलेत. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. जुनी फाईल ते काढणारच, आणि तिच्यात माझी सही आहे. गेल्या सोमवारी जालन्याला जाऊन मी शपथेवर लिहून दिलं, की पान सातवरचा मजकूर मी खोटा आहे हे माहीत असून छापला, आणि तसंच बोलायला वहिनीला मी शिकवलं. चार वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागला असता, तेवढाच लागला. या उशिरा केलेल्या कामानं व्हिसा मिळेलच असं नाही. पहिल्यांदा खोटं बोललेल्या बाईवर दुसऱ्यांदा का विश्वास ठेवायचा, असं ते विचारू शकतात.

मायला विचारलं, टाकाचं छापू का? म्हणाली, “छाप. मला काय मत मागायला जायचंय?” का छापतोस, ते तिनं विचारलं नाही. वहिनीला मी अजून बोललेलो नाही. तोंडानं सांगायला गेलो की माझी वाक्यं भाषणासारखी होतात. हे छापून अंक घरी आला की शपथपत्र आणि ते जुनं इंग्रजी पत्र, शब्दन् शब्द मराठीत करून, तिच्या हातात देणार आहे. वाचायला तिला आता माझी गरज नाही. वाचून ती काय म्हणेल, हा तिचा प्रश्न.

तुमच्याकडं माझं एक काम आहे. ती पुस्तिका परतूर, तीर्थपुरी, भोकरदन या बाजूला अजून घराघरांत आहे. लग्नात वाचली जाते, असं कळतं. कुण्या दुसऱ्या पोरीला ती पुराव्याला जोडली जाऊ नये, कुणी ती दाखवून तिला खोटं पढवू नये. तुमच्या घरी असेल तर फाडू नका. पान सात काढा, त्या ओळीवर काट मारा आणि शेजारी शाईनं लिहा — हळद लागली होती, लेखकानं पाहिली होती.