बाळापूरचा दुसरा दरवाजा

विमल गेल्याची बातमी मला अमरावतीच्या बाजारात कळली. अकोल्याहून आलेल्या तिच्या शेजारणीने सांगितलं आणि मी वेड्यासारखी वांग्यांचा भाव करत राहिले... महिना उलटला, अजून खरं वाटत नाही.

ती माझी शाळेतली मैत्रीण. लहानपणी तापात तिचे पाय गेले. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि तीही तिखट. तिचे वडील, आमचे काकाजी, सुतार. त्यांनी खुर्चीला सायकलची चाकं बसवून दिली. त्या खुर्चीतून ती गल्लीतल्या मुलींना इतिहास शिकवायची. बाळापूरचा किल्ला असा सांगायची, जणू तिथंच लहानाची मोठी झाली. पाहिला मात्र नव्हता. एवढा जवळ असून नव्हता.

महाराष्ट्र झाला त्या हिवाळ्यात आम्ही तिला खुर्चीसकट ओळखीच्या ट्रकमधून नेलं. काकाजींनी फळ्या सोबत घेतल्या होत्या. पहिल्या दरवाजाशी त्या टाकल्या आणि विमल स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत आत गेली. काय तो तिचा तोरा! पण दुसऱ्या दरवाजाशी उंच, झिजलेल्या पायऱ्या. फळ्या पुरेनात. गावातली चार पोरं पुढं आली, "बाई, खुर्चीसकट उचलतो."

"नाई भाऊ. चौघं मले एकदाच उचलतीन. आज मी जित्ती हाये."

"काहून असं अभद्र बोलून राहिली?" मी चिडले.

"तू जाय, पाहून ये, अन् मले सांग."

मी कशाला जाते! तिच्याजवळ बसून राहिले. भिंतीच्या भोकांतून पोपट ये-जा करत होते. तिनं दगडावर हात ठेवला आणि रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. "दार पाह्य कसं हत्तीएवढं," ती म्हणाली, "अन् मलेच जाता येत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी करवत घेऊन काकाजींनी स्वतःच्या घराचा उंबरठा कापून काढला. गल्लीत गहजब झाला. उंबरठ्यावर हळदीकुंकू वाहणाऱ्या बायका आम्ही. उंबरठ्याविना घरात लक्ष्मी टिकते का? विमलची आई, आमच्या काकू, तर कित्येक दिवस धुसफुसत होत्या. काकाजी एवढंच म्हणाले, "माही लक्ष्मी चाकावर येते." त्यानंतर विमलला घराबाहेर पडायला कुणाला हाक मारावी लागली नाही. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांची टिंगल करत बसायची.

तेराव्याला गेले होते. खुर्ची कुणीतरी आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती. जेवणं झाल्यावर एक नातेवाईक काकाजींना म्हणाले, "आता उंबरठा बसवून घ्या. बिनउंबरठ्याचं घर बरं नाई." काकाजींनी मान हलवली. हो की नाही, काही कळेना... काकू दाराशीच बसून ती सपाट जागा ओल्या फडक्यानं पुसत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या,

"राहू द्या तसंच. तिले येता येईन."