दाराच्या कडीवरचा हात

पॅरिसमध्ये कालव्याजवळच्या एका घरात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत क्लेमांस आईसोबत बायकांची कंबर आवळणारी कॉर्सेटं शिवायची. वडील गेल्यापासून चूल त्यावरच पेटत होती. धाकटा भाऊ फर्नां चित्रकार. त्याला डोंगर नकोत, समुद्र नको. त्याला हवं दिव्याखालचं जेवण, आईचं शिवणटिपण, भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद आणि त्या कागदापुढे बसलेली ताई. तिने सूप वाढायला पळी उचलली तरी तो म्हणे, "ताई, जरा तशीच." सूप निवून जाई.

चौतिशीत तिला मागणी आली. अनातोल कालव्यावर होड्यांसाठी पाण्याची दारं उघडायचा, लावायचा. विधुर, मोजकंच बोलणारा. "रविवारी दुपारी या," तो म्हणाला होता. "माझं घर बघून घ्या. मग नाही म्हणालात तरी चालेल."

रविवारी तिने टोपी घातली, हातमोजे चढवले आणि दाराच्या कडीला हात घातला.

"ताई, हलू नकोस," मागून फर्नां म्हणाला.

"मला जायचंय रे."

"पाच मिनिटं. हा उजेड पुन्हा नाही मिळायचा."

"उभी राहा गं," सुईत दोरा ओवत आई म्हणाली. "चित्र बिनसलं की हा आठवडाभर धड जेवत नाही, आणि बोलणी मी खाते."

अंधारून आलं तेव्हा कुठे त्याने तिला सोडलं. पुढच्या रविवारी त्याला तोच उजेड हवा होता. क्लेमांस पुन्हा टोपी घालून उभी. पाय भरून आले. अनातोलला निरोप तरी काय धाडायचा?

त्याच्या पुढच्या रविवारी जिन्यावर जड पावलं वाजली. दारावर थाप पडली. ती तिला तळहातात जाणवली.

"माद्मुआझेल क्लेमांस आहेत का?"

कडी नुसती काढायची होती.

"हात तेवढा हलवू नकोस," फर्नां कुजबुजला. "बोटंच राहिलीत."

"काम चाललंय," आईने बसल्या जागेवरून आवाज दिला. "नंतर या."

पलीकडे तो थोडा वेळ घुटमळला. त्याचा श्वास ऐकू येत होता. सांगितलं तसं बसण्या-उठण्यात इतकी वर्षं गेली होती की क्लेमांसची बोटं कडीवर होती तशीच राहिली. मग पावलं जिना उतरत गेली.

"झालं," फर्नां खुशीत म्हणाला.

वसंतात अनातोलने एका धोबिणीशी लग्न केलं. चित्र एका डॉक्टरने दिवाणखान्यासाठी नेलं. पुढे आई गेली, फर्नांचं नाव झालं, त्याने दक्षिणेत घर घेतलं आणि घर सांभाळायला ताईला सोबत नेलं.

तिथे शेजारीण अंजीर घेऊन आली आणि बसता बसता म्हणाली, "लग्न नाही केलंत ते?"

"सवड नाही झाली," क्लेमांस म्हणाली, आणि शेंगा सोलू लागली.