सुरमईचा तिसरा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत सगळे त्यांना कोशकाका म्हणत. 'स' अक्षराचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यातलं अख्खं एक वर्ष एकट्या सुरमईनं खाल्लं.

पहिला अर्थ सोपा होता: सुरम्यासारखा काळसर निळा रंग. दुसरा, तो रंग पाठीवर मिरवणारा मासा. दोन्हींचं मूळ सुरमा, एवढं लिहून एखादा भला माणूस जेवायला गेला असता. पण शब्दाचा वापर लोकांच्या तोंडून टिपायचा, असा कचेरीचा नियम होता आणि काका नियमाचे पक्के. नाकाला रुमाल लावून ते मासळीबाजारात शिरले.

एक म्हातारी म्हणाली, हा मासा डोळ्यांत सुरमा घालतो. दुसरीनं सांगितलं, नाव तिच्या आजीनंच ठेवलं. काकांनी दोन्ही टिपलं. तिसरी बाई गिऱ्हाइकाला तोंड भरून "सुरमई घ्या" म्हणत होती आणि शेजारीण हळूच म्हणाली, "कुपा आहे तो. निम्म्या भावाचा."

"कुप्यालाही सुरमई म्हणतात?" काकांनी विचारलं.

"आमच्याकडे म्हणतात, साहेब," विकणारी बिनदिक्कत म्हणाली.

दुसऱ्या कुणी तिला लबाड म्हटलं असतं. काकांनी लिहिलं, 'तिसरा अर्थ: कुपा (बाजारात).'

घरी या विद्येला कवडीची किंमत नव्हती. बायको मासेमारांच्या घरातली. "शब्द काय शिजवून खायचेत?" असं ती म्हणायची आणि ते त्यांना फार लागायचं. तिनं एकदा तरी आपल्या कामाला मान द्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

कोश छापून आला आणि काही महिन्यांनी सासूबाई आजारातून उठून लेकीकडे राहायला आल्या. त्यांना सुरमई खावीशी वाटली.

"अहो, वर्षभर सुरमई सुरमई केलंत," बायको म्हणाली. "आता एक आणून दाखवा."

काका ताठ मानेनं गेले आणि घेऊन आले. तिनं पिशवीत नुसतं डोकावलं. "हा कुपा आहे. परत देऊन या."

विकणारी ती तिसरीच होती. ती भांडली नाही. तराजूमागे प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेल्या कागदाकडे तिनं बोट दाखवलं. कोशाच्या पानाची ती झेरॉक्स होती, तिसऱ्या अर्थाखाली लाल रेघ.

"वाचा ना, साहेब. शिकलेल्या माणसांनी लिहिलंय."

काकांनी वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं खरं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता ही जन्मभर हसणार, या तयारीनं ते उभे राहिले. ती तोच मासा कापायला बसली.

सासूबाईंनी पहिला घास तोंडात घोळवला. "ही कुठली गं सुरमई?"

"सुरमईच आहे, आई," बायको म्हणाली. "ह्यांनी पुस्तकात लिहिलंय. गुपचूप खा."