गप्प माणसाजवळ बसणारे डॉक्टर हिवरकर

डॉ. माधवराव हिवरकर यांची आणि माझी पहिली भेट माझ्या मर्जीविरुद्ध झाली, हे आधीच सांगून टाकतो. थोरल्या भावाने मला राळेगावहून एस.टी.त बसवून पुसदला आणलं ते रोगी म्हणून. माझा रोग असा, की पाय घरात ठरत नसत. सातवीत शाळा सुटली. मग कधी टुरिंग टॉकीजच्या तंबूमागे, कधी सरकीच्या ट्रकवर, कधी नुसताच रस्ता दिसला म्हणून, असा मी जात असे. सरकीच्या ढिगावर झोपण्यात फार सुख असतं, थंडीत तर विचारू नका. पण तो विषय इथे नको.

पूस नदीच्या अंगाला डॉक्टरसाहेबांचा मळा, त्यात टिनाच्या सहा-सात खोल्या. भावाने बसता बसताच विचारलं, "याच्या डोक्यात किडा हाये सायब. काढाले किती सुया लागतीन?"

डॉक्टरसाहेबांनी आधी दोघांना मठ्ठा दिला. मग ते जे बोलले, तेच ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. इतक्या वेळा ऐकल्यामुळे मला पाठ आहे.

"हे पाहा भाऊ, इथं काय होईन अन् काय होणार नाही ते आधी समजून घ्या. इथं मारत नाहीत, बांधत नाहीत, धुनी देत नाहीत. दुःख काढाची सुई माह्याजवळ नाही. औषध लागलं तर देईन, माह्या आवाक्याबाहेरचं असलं तर नागपूरले धाडीन. घरचं एक माणूस संगं राह्यलं पायजे, कारण दुखणं एकट्याचं नसते. हातानं काम करा लागन, पोटभर जेवा लागन. तुमचा देव कोणता ते मी ठरवणार नाही. पण ज्याच्यावर तुमचा जीव टेकते, त्याच्यापाशी रोज घडीभर बसा लागन. बोलाची जबरदस्ती नाही. अन् बरं वाटता वाटता मधात एकदा जास्त होईन, तवा घाबरून पळू नका."

भाऊ म्हणाला, "अन् याचं?"

"याले रोग नाही. याले फिराचं हाये. फिरू द्या, पण कोणाच्या तरी कामानं फिरू द्या."

ते काम त्यांनीच मला दिलं. बरी होऊन गेलेली माणसं राळेगावपासून महागावपर्यंत विखुरलेली. त्यांच्या घरी डोकावून यायचं, झोप लागते का, भाकर जाते का, ते पाहायचं. बस मिळाली तर बस, नाहीतर सायकल. मी आजही तेच करतो. भाऊ म्हणतो, आमचा गडी सुधारला. मी सुधारलो नाही, फक्त माझ्या भटकण्याला कोणीतरी वाट पाहणारं मिळालं.

डॉक्टरसाहेबांचं शिक्षण नागपूरला झालं. तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांनी बरीच वर्षं काढली. ती नोकरी त्यांनी का सोडली, हे ते फारसं बोलत नाहीत. एकदा वांग्यांना पाणी देता देता म्हणाले, "तिथं आम्ही माणूस शांत करायचो. तो काय सांगत होता, ते राहूनच जायचं." मळ्यावर संध्याकाळी मांडवात कंदील लागतो. एका कोपऱ्यात कोणी बुद्धवंदना म्हणतं, तांड्यावरचे एखादे नाईक आपल्या बोलीत अरदास म्हणतात, कोणी चटई घेऊन नमाजाला आंब्याखाली जातं, कोणी नुसतंच बसतं. डॉक्टरसाहेब नुसतं बसणाऱ्यांजवळ बसतात. त्यांच्या पत्नी सुशीलाकाकू म्हणतात, "लग्नानंतर दोन वर्षं मला वाटे, यांना बोलताच येत नाही."

आता कौतिकाबाईंची गोष्ट. त्या गोष्टीसाठीच मी हा लेख लिहायला बसलो. त्यांना विचारूनच लिहितो आहे. "माह्यं नाव लिही, गावाचं नको लिहू, गाव भांडन," असं त्या म्हणाल्या.

नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेला पाच-सहा वर्षं झाली होती. महागावकडच्या एका खेड्यातून एक आजी आपल्या सुनेला, कौतिकाबाईंना, घेऊन आल्या. कडेवर कौतिकाबाईंची चार वर्षांची मुलगी, सुमन. त्यांचं पाळण्यातलं पोर तापाने गेलं, तेव्हापासून कौतिकाबाई बोलत नव्हत्या. रडल्याही नव्हत्या. सुमन पदर ओढायची, तर तिच्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहायच्या. घरात दोन तट पडले होते. आजी म्हणायच्या, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, त्याचा हा कोप. त्यांचा मुलगा पुंडलिक दीक्षा घेतलेला, गावात बुद्धवंदना घ्यायचा. त्याच्यासमोर कोपाचा शब्द काढायची सोय नव्हती. भावकीने तोड काढली होती: अकितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट पाहायची, नाहीतर बाईला माहेरी पोचवायचं, पुंडलिकला दुसरी करायची आणि सुमनला ठेवून घ्यायचं. म्हणजे एक लेकरू गेलेलं, आणि दुसरं जिवंतपणी जाणार.

डॉक्टरसाहेबांनी कौतिकाबाईंना रोज संध्याकाळी कंदिलापाशी बसवलं. डोळे मिटायचे, श्वासाकडे ध्यान द्यायचं. पुष्कळांना याने आराम पडलेला मी पाहिला आहे. कौतिकाबाई मात्र दिवसेंदिवस जास्तच आत जात चालल्या. जेवणही कमी झालं. मधात एकदा जास्त होतं म्हणून आम्ही धीर धरला, पण ते नुसतं जास्त होणं नव्हतं. होळी येऊन गेली. अकिती जवळ येत होती.

मळ्यावर ज्याचं पीठ त्याने दळायचं. एका सकाळी आजी ज्वारी दळत होत्या आणि कौतिकाबाई उठून समोर जाऊन बसल्या. खुंट्याला हात लावला. दोघी दळू लागल्या, मुक्याने. डॉक्टरसाहेब चुलीपाशी चहा घेत होते. त्यांनी सहज विचारलं, "आजी, तुमच्याकडं दळताना गात नाहीत का?"

"गात नाही कशा? ही तर अशी गाये बाप्पा, हिच्या गळ्यासाठी बाया आपलं दळण आमच्या घरी आणत."

"मंग आता काहून नाही?"

आजी थांबल्या. "कशी गाईन? जात्यावर बसलं का पयली ववी देवाची असते. ते तर आमच्यात रीतच हाये. अन् पुंडलिकनं सांगतलं, आता ह्या घरात त्या देवायचं नाव तोंडातून निंघालं नाही पायजे. तईपासून हिनं गाणंच सोडलं. देवाची नाही म्हणून मंग भावाची नाही, मायची नाही, लेकराचीही नाही."

डॉक्टरसाहेबांनी कप खाली ठेवला. कौतिकाबाईंसमोर जमिनीवर बसले आणि आम्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, माझं चुकलं. तुमच्या तोंडाला कुलूप होतं, अन् मी वरून म्हणत होतो, शांत बसा."

एवढ्या मोठ्या डॉक्टरांना पेशंटपुढे असं म्हणताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. नंतर मात्र आणखी दोनदा पाहिलं.

मला त्यांनी त्याच दिवशी पुंडलिकला आणायला धाडलं. मी वाटेत महागावच्या बाजारात डोंबाऱ्याचा खेळ पाहणार होतो, पण डॉक्टरसाहेबांचा चेहरा आठवला आणि सरळ गेलो.

पुंडलिक आला तो ताठच. "सायब, दीक्षेची शपथ म्हंजे शपथ. मी ते मोडू देणार नाही."

"मोडा म्हणतच नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले. "त्या शपथेनं तुम्ही माणूस झालात, ते मले ठाऊक हाये. मी फक्त इचारतो, देव नदीत सोडले, ते बरोबर. ववी पण सोडाले सांगतली होती का कोणी?"

पुंडलिक गप्प. डॉक्टरसाहेबही गप्प, त्याच्या शेजारी. मग पुंडलिक म्हणाला, "नाही. ते मीच सांगतलं." आणि थोड्या वेळाने, "मले वाटलं, हे देवाची हाये. ववी तर तिची होती."

मग त्याने जे केलं ते त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. कौतिकाबाई दळत होत्या, तो जाऊन त्यांच्या जात्यासमोर बसला. आजी हसल्या, "व माय! माणूस बसला दळाले! चुडे पण भर म्हणा!" सुमन टाळ्या पिटू लागली. पुंडलिकने खुंटा धरला, कौतिकाबाईंचा हात धरून आपल्या हाताखाली ठेवला आणि वंदना घेतो त्या आवाजात सुरू झाला, "पयली माही ववी, भगवान बुद्धाले, तीन वेळा वंदन करून..."

आजी म्हणाल्या, "हे ववी हाये का भाषण रे?"

तोच जात्याच्या पलीकडून बारीक, गंजलेला आवाज आला. "असं नसते."

डॉक्टरसाहेबांनी आजींना डोळ्यांनीच थांबवलं. जातं फिरत होतं. कौतिकाबाईंनी दोनदा सूर लावून सोडला, तिसऱ्यांदा धरला.

"पयली माही ववी, बोधीच्या झाडाले,
सावली त्याची आली माह्या कुडाच्या घराले.

दुसरी माही ववी, पाळण्याच्या दोरीले,
दोरी राह्यली हाती, राजा गेला दुरीले..."

दुसरी ओवी संपली आणि त्या रडल्या. इतकं मोठ्याने, की नदीवरच्या धुणेवाल्या बाया वर आल्या. पुंडलिकने जातं थांबवलं नाही. आजीही सुनेच्या पाठीवर हात ठेवून रडल्या, आणि त्या दिवसापासून कोपाचं नाव त्यांनी काढलं नाही. सुमन घाबरून लांब उभी होती. कौतिकाबाईंनी डोळे पुसून तिला हाक मारली आणि पिठाच्या हातांनी मांडीवर ओढून घेतलं.

बरं होणं म्हणजे एवढंच, असं कोणी समजू नये, डॉक्टरसाहेब रागावतील. त्यानंतरही वाईट दिवस आले, झोपेची पुडी लागली, कौतिकाबाई पुन्हा दोनदा गप्प झाल्या. पण अकितीच्या आत चौघं मिळून आपल्या गावी गेली. भावकीने मुलगी पाहून ठेवली होती. पुंडलिकने दारातूनच नकार कळवला.

डॉक्टरसाहेबांच्या या एकसष्टीच्या निमित्ताने मागच्या महिन्यात मी कौतिकाबाईंच्या घरी गेलो. सुमन शाळेतून आली होती. आई तिची वेणी घालत होती आणि दोघी कशावरून तरी तावातावाने भांडत होत्या. मी विचारलं, "बाई, डॉक्टरसाहेबांसाठी काही लिहू का तुमच्याकडून? लोक दीर्घायुष्य चिंततात."

कौतिकाबाई म्हणाल्या, "मागू कोणाले भाऊ? देवाले तर आता मागता येत नाही." वेणीला गाठ मारून म्हणाल्या, "असं लिही, माह्या औक्षातलं थोडं त्याईले देते म्हणा. मले सुमनीचं लगन होईपर्यंत पुरलं म्हंजे झालं. वरचं त्याईचं."

डॉक्टरसाहेब, ही देणगी तुम्ही नाकारणार हे मला ठाऊक आहे. पण त्या गावाकडून राळेगावपर्यंत मी ज्या ज्या घरी गेलो, तिथे प्रत्येकाने आपल्यातलं थोडं थोडं काढून ठेवलं आहे. पोचवायचं काम माझ्याकडे आहे. तेव्हा डोळे, पाय आणि कान शाबूत ठेवून तुम्हाला पुष्कळ जगावं लागेल. एवढं सगळं संपवायचं तर घाई करून भागणार नाही.