ओटीसकट बेचाळीस

माझी भाची सावेडीला राहते. दोन वर्षांपूर्वी तिनं पुण्याला जाऊन वजन उतरावं म्हणून ऑपरेशननं पोट लहान करून घेतलं. चांगली उतरलीही होती. गेल्या रविवारी आली ती तोंड पाडूनच. "मावशी, परत चढायला लागलंय गं. गाडी रुळावरून घसरली." खातेस काय म्हटलं, तर म्हणे जेवण अगदी नियमात आहे, फक्त मधेमधे थोडं फरसाण, थोडं आइस्क्रीम. मी म्हटलं, "थोडं म्हणजे केवढं, ते आधी सांग." त्यावर ती हसली आणि मग रडली. तिनं डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. वाटीभरच खायचं, दिवसातून सहा वेळा, चावून चावून, जेवताना पाणी नाही, गोड नाही. अगं बाई, हा तर माझाच कागद! पन्नास वर्षांपूर्वी नगरच्या डॉक्टरांनी मला शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं. फरक एवढाच, की तिला उतरायचं होतं आणि मला चढायचं होतं. घसरले मात्र मीही होते, आणि तिच्यापेक्षा वाईट.

एकाहत्तर साल सरत आलं होतं. मी बावीस वर्षांची, काष्टीला दिलेली, पदरात दीड वर्षांची मुलगी. खाल्लं की पोटात कळ यायची, म्हणून मी खाणंच टाळायचे. सासरी बायकांची पंगत शेवटची. मी जेवले की नाही याकडं कोण बघणार? एके सकाळी चुलीपुढंच रक्ताची उलटी झाली. नगरला नेलं, तिथं पोट उघडून जठराचा अर्धा भाग कापून काढला. उठून उभी राहिले तेव्हा माझं वजन तेहतीस किलो होतं. लुगडं अंगावर राहायचं नाही.

डॉक्टर मोठे करडे. "बेचाळीस किलो झाल्याशिवाय सासरी धाडायची नाही. हंडा उचलायचा नाही, लेकरू उचलायचं नाही." माझ्या सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, तो आकडा पक्का धरून ठेवला. मला माहेरी पाठवलं आणि मुलीला ठेवून घेतलं. "आजारी बाईजवळ लेकरू दिल्यावर ती उचलल्याबिगर ऱ्हाईल व्हय?" खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं, मी उचललंच असतं. पण तेव्हा मला असा संताप आला, की निघताना मी त्यांच्या पाया पडले ती तोंड फिरवून. मुलगी थोरल्या जाऊबाईंच्या कडेवर होती. जाऊबाईंच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. एस.टी. हलली तशी मुलीनं दोन्ही हात माझ्याकडं पसरले. जाऊबाईंनी तिला चिमण्या दाखवायला पलीकडं नेलं.

माझं माहेर शेवगावजवळच्या खेड्यातलं. पावसानं डोळे वटारलेले, अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेलं, राहिलेलं खडी फोडायला. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापता थापता फुटायची. घरात एक म्हैस होती. तिचं जेवढं दूध निघेल ते माझ्या वाटीत. भावाची पोरं वाटीकडं बघत उभी राहायची आणि आई त्यांना दटावून बाहेर घालवायची. तो घास गिळताना मला लाज वाटायची. आजही आठवलं की वाटते.

दर बाजाराच्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, मला बैलगाडीतून शेवगावला धान्याच्या आडतीवर न्यायचे. दवाखान्यातही काटा होता, पण दादांचा विश्वास आडतीच्या काट्यावर. "त्यो पोत्याशी खोटं बोलत न्हाई, तुज्याशी कशाला बोलंल?" ज्वारीच्या, सरकीच्या पोत्यांमधून वाट काढत मी काट्याच्या फळीवर जाऊन उभी राहायची. तिथला मापाडी म्हातारा मोठा चेष्टेखोर. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मी फळीवर पाय ठेवला की तो तसाच हेल काढून "लाऽभ!" म्हणायचा आणि सगळी आडत हसायची. मग दादांकडं बघून आकडा ओरडायचा. चौतीस. साडेपस्तीस. सदतीस. पाडव्यापर्यंत मी अडतीस झाले. अंगावर मूठभर मांस चढलं, केसांना तेल लागायला लागलं, शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, "आता कशी माणसात आली."

आणि मग आमचे हे भेटायला आले. दादांशी पाऊसपाण्याचं बोलून झालं, चहा झाला. मी दाराआडून विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"मजेत हाय की. वहिनीला आई म्हनती आता."

आणि हे हसत सांगत होते! मग तेच पुढं म्हणाले, "आईचं चाललंय, पोरगी थोरलीच्या ओटीत घालावी म्हनून. तुला काय, पुढं हुतीलच की."

ओटीत घालायची म्हणजे देऊन टाकायची, कायमची. एका दावणीचं वासरू दुसऱ्या दावणीला बांधायचं असावं, अशा आवाजात त्यांनी ते सांगितलं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी कशाला काय म्हनू? तू आल्यावर बगू."

"मी कधी येणार?"

"बेचाळीस झाली की."

चारच किलो. माझ्या डोक्यात तेवढंच घुमायला लागलं. वाटीवाटीनं चार किलो चढेपर्यंत तिकडं नारळ फुटून पोरगी दुसऱ्याची होऊन जाईल. कुठली वाटी आणि कुठलं चावणं! मी चोरून खायला लागले. कणगीमागं उभी राहून गूळ, अक्षय्यतृतीयेला उरलेल्या पुरणपोळ्या, पोरांसाठी खडीच्या कामावरून आणलेली सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचा तो सुका खाऊ, तोसुद्धा. होय, पोरांची सुकडीसुद्धा खाल्ली मी. काट्यावर चढायच्या आधी तांब्याभर पाणी प्यायचे ते वेगळंच. आणि अर्ध्या पोटाला ते सोसायचं कसं? खाल्ल्यावर थोड्या वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी. मग परसात जाऊन ओकायचं आणि तोंड धुऊन काहीच झालं नाही असं परत यायचं. पुढच्या बाजाराला सदतीस भरले. त्याच्या पुढच्या बाजाराला पस्तीस. मापाड्यानं "लाभ" म्हणणं सोडून दिलं.

मला पकडलं ते मुंग्यांनी. पदराच्या गाठीत मी गुळाचा खडा बांधून ठेवला होता. दुपारी डोळा लागला आणि पदरावर मुंग्यांची ही रांग! आईनं गाठ सोडून बघितली. माझी आई तशी अबोल, पण पेटली की ऐकत नसे.

"चोरून खाती व्हय गं भवाने? माझी नातवंडं दुधाकडं बगून पानी पित्यात, आन तू गूळ खाऊन परसात वकून येती?"

मग मात्र माझा बांध फुटला. ओटीत घालायचं सगळं मी हुंदके देत देत सांगून टाकलं. आईनं माझा पदर ओढून घेतला. एकेक मुंगी झटकली. मग म्हणाली, "मंग तर तुला नीट खायाच पायजे. घाई करून पोटात काय ऱ्हातंय का, येडे?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला चुलीसमोर बसवलं. तिचा कायदा असा: ती एक भाकरी थापून तव्यावर टाकेपर्यंत मी एकच घास चावायचा. भाकरी तव्यावर पडल्याशिवाय गिळायचं नाही. मिलोची ती भाकरी मधेच फुटायची. आई परत पीठ गोळा करून, मळून पहिल्यापासून थापायची, आणि माझ्या तोंडातल्या घासाचं पार पाणी व्हायचं. मी भुवया उंचावून विचारायची, गिळू का? "थांब!" भाऊ हसून हसून लोळायचा. दुपारच्या आणि तिसऱ्या प्रहराच्या वाटीला भाकरी कुठल्या? तेव्हा आई रिकामी परात पुढं ओढून नुसते हात थापायची. थप थप थप थप, मग "गीळ." सहा वाट्या, सहा वेळा, एक दिवस चुकला नाही. घरातली कामं, लांबून आणायचं पाणी, म्हशीचा चारा, सगळं सांभाळून ती बाई माझ्यासाठी हवा थापत बसायची. एवढी माया माझ्यावर पुन्हा कुणी केली नाही, आणि तेव्हा मी तिला नुसती कंटाळून जायचे.

वजन परत रस्त्याला लागलं. सदतीस झालं, एकोणचाळीस झालं. एक्केचाळीसवर येऊन मात्र काटा हटून बसला. एक बाजार, दोन बाजार, तीन बाजार, हलायला तयार नाही. इकडं माझा जीव टांगणीला.

गणपती उठले त्या आठवड्यात आम्ही आडतीवर जायच्या आधी मावशीकडं टेकलो. ती शेवगावातच राहायची. सवाष्ण ओटी भरल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडू द्यायची नाही, असा तिचा बाणा, मग दुष्काळ असो नाहीतर काही असो. तिनं नारळ, खण आणि कुठून कुठून जपून ठेवलेले गहू चांगले ओंजळी भरभरून माझ्या पदरात घातले. मी पदर आवळून कमरेला खोचला आणि तशीच आडतीवर गेले, तशीच काट्यावर चढले. ओटी कुणी उतरवून ठेवतं का कुठं? माझ्या डोक्यात आलं नाही, दादांच्या नाही, मापाड्याच्याही नाही.

"लाऽभ!" बऱ्याच दिवसांनी तो ओरडला. मग काट्याच्या दांडीवरचं वजन सरकवत, वाकून बघत, "बेचाळीस! भरून बेचाळीस!"

दादांनी टोपी काढून डोळे पुसले. आडतीवरच्या हमालांना त्यांनी चहा पाजला आणि तिथल्या तिथं काष्टीला कार्ड लिहून टाकलं. गाडीत बसून गाव निम्म्यावर आलं असेल, माझा हात सहज पदराखाली गेला. नारळ! नारळ आणि गहू मिळून किलोभर तरी असणार. म्हणजे मी होते तिथंच होते. दादा पुढं बसून बैलांशी गप्पा मारत होते, इतके खूष. त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

आईला सांगितलं. म्हटलं, आता शिव्या खायच्या. तिनं ओटीतला नारळ उचलून हातावर जोखला, परत माझ्या पदरात ठेवला.

"ओटी काय बाईपासून येगळी असती व्हय? नारळ तुजा, गव्हाचा दाना न दाना तुजा. ओटीसकट बेचाळीस झाली, म्हंजी झाली. उद्या निघायचं. ऱ्हायलेलं तितं जाऊन भर, पन मापानंच."

काष्टीला पोचलो. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझं मनगट दोन बोटांत धरून बघितलं. "बेचाळीस?" मी त्यांच्या पायांकडं बघत म्हटलं, "बेचाळीस." "असंल," त्या म्हणाल्या. पटलं नव्हतं त्यांना, पण परत धाडलं नाही.

मुलगी जाऊबाईंच्या निऱ्या धरून उभी होती. दोन वेण्या घातलेल्या, डोळ्यांत काजळ, अंगावर नवं झबलं. आठ महिन्यांत केवढी झाली होती! "आई, ही कोन?" तिनं वर बघून विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हीच तुजी आई." मुलगी मान हलवत म्हणाली, "न्हाई. तू आई." मला तिथंच बसकण मारून रडावंसं वाटलं. वेशीपासून तिला पोटाशी धरायला माझे हात शिवशिवत होते, आणि आता त्या हातांचं काय करायचं ते कळेना.

संध्याकाळी मी आत्याबाईंना सरळच सांगितलं, की मला दिवसातून सहा वेळा खावं लागेल आणि पुरुषांची पंगत उठेपर्यंत थांबता येणार नाही. सुनेनं असं बोलायचं म्हणजे काय! जाऊबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. आत्याबाईंनी मात्र जरा विचार केला. "लेकरू काय पंगतीसाठी थांबतं व्हय? लेकरू जेवील तवा तू जेवत जा. कुनी नाव ठिवनार न्हाई." आठ महिन्यांचा माझा राग त्या एका वाक्यानं उतरला.

तेव्हापासून मधल्या घरात दोन वाट्या लागायच्या, दोन्हींत दूध-भाकरीचा काला. एका बाजूला जाऊबाई मुलीला भरवायच्या, समोर मी माझी वाटी घेऊन बसायची. तोंडात घास आणि कानात आईची थप थप. मुलगी माझ्याकडं टक लावून बघायची. एवढी मोठी बाई लेकरासारखा काला खाते आणि लवकर गिळतही नाही, याची तिला गंमत वाटत असावी. तिसऱ्या दिवशी तीही तसंच गाल फुगवून हळूहळू चावायला लागली. मी हाक मारली नाही, हात लावला नाही. मला भीती वाटायची.

पाचव्या दिवशी ती जाऊबाईंच्या मांडीवरून उतरली, माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या वाटीकडं बोट करून तोंड उघडलं. "आऽ." मी आधी जाऊबाईंकडं बघितलं. भरवायला केलेला घास त्यांच्या हातात तसाच होता. तो त्यांनी वाटीत ठेवला आणि वाटी माझ्यापुढं सरकवली.

"तूच भरव बाई. तुज्या जोडीनं चार घास जास्त खाईल," त्या म्हणाल्या. मग गोठ्यात काहीतरी राहिलंय म्हणत उठल्या. गोठ्यातलं सगळं आवरूनच तर त्या आत आल्या होत्या.

मी पहिला घास भरवला. मुलीनं तो चावचावून गिळला, इकडं तिकडं बघितलं आणि मोठ्यानं हाक मारली, "आई!"

"ओ," मी म्हणाले. त्याच वेळी गोठ्यातूनही आवाज आला, "ओ."