ओठांना न बोचणारा कॅन

कॅनच्या तोंडाची कड ओठांना बोचते, ही जगातली मोठी अडचण आहे असं मानणाऱ्या माणसांत माझा दिवस जातो. त्याचाच मला पगार मिळतो. सकाळी सुकापूरहून बाइक काढायची, तळोज्याच्या बाजूला एका कंपनीत जायचं आणि शीतपेयाच्या कॅनचं झाकण कॉम्प्युटरवर उलटसुलट फिरवत बसायचं. भोक किती रुंद हवं, खालचा ओठ कुठे टेकतो, नाक कुठे आपटतं, आत हवा शिरली नाही तर पेय कसे गचके देत बाहेर येतं, हे सगळं मला पाठ आहे. नातेवाइकांना सांगितलं तर ते आधी हसतात आणि मग विचारतात, "बरं, आणि खरं काम काय करतोस?"

आमचे डिझाइन हेड मात्र हसत नाहीत. ते या विषयावर बोलताना डोळे मिटून घेतात. "पहिला घोट म्हणजे एक नातं असतं," असं ते एकदा मीटिंगमध्ये म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. डोलावण्याचाही पगारच असतो. त्याच मीटिंगमध्ये त्यांनी आम्हाला डोळे मिटून रिकाम्या कॅनच्या कडेवरून ओठ फिरवायला लावले. म्हणे, कड 'अनुभवा'. चांगले शिकलेसवरलेले, इस्त्रीचे शर्ट घातलेले लोक एसीत बसून पत्र्याचे मुके घेत होते. मी एक डोळा उघडून बघत होतो. इतकी करमणूक फुकटात कुठे मिळणार?

झाकण मात्र चांगलं झालं होतं, हे मान्य करायला हवं. तोंड रुंद केलं, पुढची कड आत वळवून गुळगुळीत केली, मागे हवेसाठी बारीक भोक ठेवलं. मुख्य म्हणजे पिताना मान मागे टाकावी लागत नव्हती. कॅन जरासा कलता केला की शेवटचा घोटसुद्धा आपसूक ओठांशी यायचा. ही कड बहुतेक मीच काढलेली. हेड बाहेर सांगताना "आम्ही" म्हणतात, तो भाग वेगळा.

मग चाचणीसाठी खांदा कॉलनीतला एक हॉल घेतला. चवीचा गोंधळ नको म्हणून कॅनमध्ये साधं पाणी भरलं होतं. आसपासच्या सोसायट्यांतल्या बायका, कॉलेजची मुलं, निवृत्त काका असे लोक बोलावले होते. फुकट काहीतरी मिळणार म्हणून सगळे नटूनथटून आले. हेडनी छोटंसं भाषण केलं, कॅन वाटले, टॅब उघडल्याचे फटाफट आवाज झाले आणि मग आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं रुमालानं नाहीतर ओढणीनं झाकण पुसलं, कॅन तोंडापासून वीतभर वर धरला आणि आ करून पाणी वरून ओतलं.

आमचं तोंड रुंद. पाणी एकदम आलं. कुणाच्या नाकात, कुणाच्या शर्टात, कुणाच्या मंगळसूत्रावर. एक काका असे ठसकले की दोघांनी त्यांची पाठ चोळली. हेड हॉलभर धावत होते, "तोंड लावून प्या, प्लीज! तोंड लावा!" एक काकू त्यांच्यावरच उखडल्या, "शी! तोंड काय लावा? कुठे कुठे लोळलेत हे डबे, कुणाला ठाऊक!" कड बोचते की नाही हे कुणीच सांगू शकलं नाही, कारण कडेपर्यंत कुणाचा ओठ पोहोचलाच नव्हता.

एवढी फजिती झाल्यावर दुसरा कुणी चार दिवस गप्प बसला असता. हेडनी पुढच्या मीटिंगमध्ये त्यावर स्लाइड आणली. 'भारतीय ग्राहक आणि स्वच्छतेचा संस्कार.' त्यांच्या घरी म्हणे तांब्याला तोंड लावायची कुणाची टाप नव्हती. "किती सायंटिफिक होते आपले लोक!" ते म्हणाले आणि सगळ्यांना आपापल्या घरचे तांबे आठवले. खोलीत अगदी भरून आल्यासारखं झालं.

मला ओरडावंसं वाटत होतं. वरून पिणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना दुसऱ्याचं उष्टं नको असतं. आणि दुसरी, ज्यांचं उष्टं दुसऱ्याला नको असतं. हेड पहिल्यातले. माझी आई दुसऱ्यातली.

आमची वाडी डोंगराच्या पायथ्याशी. आईबाप पावसाळ्यात लोकांच्या शेतावर आणि पुढे उन्हाळा संपेपर्यंत वीटभट्टीवर. भट्टीशेजारी मालकाचं घर होतं आणि पडवीत माठ. पाणी मागितलं की आतून कुणीतरी तांब्या घेऊन यायचं आणि आम्ही उकिडवे बसून ओंजळ पुढे करायचो. वरून धार पडायची. थोडी तोंडात जायची, बाकीची कोपरावरून मातीत. धार थांबली की तहान भागली असं समजून उठायचं. पुढे आई पनवेलला घरकामाला लागली. तिथे पेला मिळायचा, पण "तोंड नको हं लावूस" असं गोड आवाजात सांगून मिळायचा. शिवी देणाऱ्याला उलटी शिवी तरी देता येते. त्या गोड आवाजाचं काय करायचं, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या बायकांबद्दल माझ्या मनात जे आहे त्याला तिरस्कार हा फारच सभ्य शब्द आहे. आई मात्र वरून प्यायला शिकली, आणि अशी शिकली की एक थेंब सांडायचा नाही. पुढे तिला कुणी सांगावंही लागत नव्हतं.

बाप गेल्यावर मी तिला सुकापूरला आणलं. माझी बायको इथल्याच एका गावची. तिच्या घरी पूर्वी भातशेती आणि मिठागर होतं, आता भाऊ बिल्डर झालेत. ते कधीमधी येतात, सोफ्यावर बसतात आणि चहा नको म्हणतात. आत्ताच झाला, म्हणतात. आमच्याकडे येताना त्यांचा चहा दर वेळी आत्ताच झालेला असतो. बायको त्यांच्यातली असून त्यांच्यासारखी नाही. सासूच्या ताटातला भाकरीचा तुकडा ती सहज उचलून तोंडात टाकते. त्या वेळी आई दुसरीकडे बघत बसते.

गेल्या वर्षी आईची मान गेली. आयुष्यभर डोक्यावरून विटा वाहिल्या, मणके झिजले. डॉक्टरनी गळ्यात पट्टा घातला आणि मान मागे टाकायची सक्त मनाई केली. मान मागे गेली नाही तर वरून पिणार कसं? आणि पेल्याला तोंड लावायला ती तयार नाही. "आये, घर आपला हाय, पेलं आपलं हायेत," मी सांगून थकलो. "असू दे. मना तहानच नाय," ती म्हणायची. चमच्यानं दोन घोट घ्यायची की झालं. बायकोनं स्ट्रॉ आणून दिली, तर तोंडातलं पाणी परत पेल्यात जातं म्हणून तीही नको. आपलीच आई, पण मला तिचा राग यायचा. ज्यांनी तिला हे शिकवलं ते आपापल्या बंगल्यांत आरामात बसलेत आणि त्यांचा नियम ही बाई माझ्या घरात, माझ्यासमोर पाळतेय!

शेवटी बायकोनं एक उपाय केला. स्टीलचा सुंदर, झाकणाचा पेला आणला आणि आईला दिला. "आई, हा फक्त तुमचा. याला दुसरं कुणी हात लावणार नाही." आईचा चेहरा खुलला. ती त्या पेल्याला ओठ लावून पाणी प्यायली, चांगली दोनदा. बायको मला म्हणाली, बघ, एवढं सोपं होतं. संध्याकाळी मी हातपाय धुवायला गेलो तर तो पेला बाथरूमच्या खिडकीत पालथा घालून ठेवलेला. आईनंच तो तिथे ठेवला होता. पनवेलच्या घरांत तिचा चहाचा वेगळा कप जिथे असायचा, अगदी तिथे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पेला उचलला आणि खाली जाऊन कचऱ्याच्या पिंपात टाकून आलो. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. बायकोला आधी काही समजेना. मग मी तिला सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "टाकलास? चांगला होता." आणि पुन्हा चमच्यावर आली.

व्हायचं तेच झालं. लघवीला जळजळ, मग हुडहुडी भरून ताप, मग पनवेलच्या हॉस्पिटलात सलाइन. सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाणी पोटात गेलंच पाहिजे. पुन्हा असं झालं तर किडनीवर जाईल, मग मला सांगू नका." शिकलेला मुलगा असून आईला पाणी पाजता येत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी ऐकून घेतलं. दिवसभर अनोळखी माणसांच्या ओठांची काळजी वाहणारा माणूस होतो मी.

चाचणीतले बरेच कॅन उरले होते. कंपनीत ते कुणालाच नको होते, म्हणून मी एक खोका घरी आणला. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर एक कॅन उघडून आईपुढे धरला. तिनं संशयानं पाहिलं.

"दारू हाय?"

"नाय आये. पानी हाय."

"पान्याला बी पत्र्यात कोंडला?" ती तोंड वाकडं करून म्हणाली. तिच्याकडेही तुच्छतेची काही कमी नाही. माझ्यात ती कुठून आली ते उघड आहे. तिनं कॅन हातात घेऊन फिरवून पाहिला. "पिऊन झाल्यावं याचा काय करायचा?"

"टाकून द्यायचा."

"धुवून परत नाय वापरायचा?"

"नाय."

"कोनीच?"

"कोनीच नाय."

तिनं जरा विचार केला आणि कॅन ओठांना लावला. पट्ट्यामुळे मान ताठ होती. तिचा भेगाळलेला खालचा ओठ मी काढलेल्या कडेवर नीट बसला. ती थांबत थांबत प्यायली, पण सगळं प्यायली, आणि ओठ पुसून म्हणाली, "बरा हाय. लागत नाय." मला खरोखरच आनंद झाला, तो का लपवू? बायकोनं रिकामा कॅन घ्यायला हात पुढे केला तर आईनं तो मागे घेतला. "तू नको, बाय. मी टाकते." आणि पट्टा सांभाळत स्वतः उठून तिनं तो कचऱ्यात टाकला.

सोमवारी मी ऑफिसात मूर्खपणा केला. हेडनी सहज विचारलं, घरी कुणी वापरून पाहिला का, आणि मी म्हणालो, "आईला आवडला."

"वयस्कर युजर! ग्रेट. काय आवडलं नेमकं?"

"टाकून देता येतो, ते."

हेडचा चेहरा उजळला. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'सोय' असं लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. ज्येष्ठ ग्राहकांना भांडी घासायचा कंटाळा असतो, हा मोठाच धागा हाती लागलाय, असं ते सगळ्यांना सांगू लागले. मी तो गोल बघत राहिलो. या माणसाला समजावून सांगायला माझी आई मी कशाला खर्ची घालू? मी मान डोलावली.

तेव्हापासून आई पाणी पिते. डॉक्टर खूश आहेत. कंपनीत खोके पडूनच आहेत, त्यामुळे कॅनही मिळतात. सकाळी एक, दुपारी एक, दिवेलागणीला एक. टाकते ती स्वतःच.

परवा मात्र माझं डोकं फिरलं. तिनं पिऊन खाली ठेवलेला कॅन मी तिच्या आधी उचलला, धुतला आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीत, आमच्या पेल्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. आईनं बघितलं आणि ती घाईनं उठली.

"थय नको ठेवू. सून चुकून घेईल."

"मग घेऊ द्या की, आई," बायको भाकरी थापता थापता म्हणाली. "काय होतंय? आत्ता पिऊन दाखवू?"

आई हसली. लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तशी. तिनं बायकोच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू पिशील गं, बाय. मना ठाऊक हाय. पन मना बघवनार नाय."

ज्यांच्या नावानं मी आयुष्यभर खडे फोडले त्यांच्यातलं कुणीही त्या स्वयंपाकघरात नव्हतं. आम्ही तिघंच होतो. आईनं मांडणीतला कॅन काढून माझ्या हातात दिला आणि मी टाकतो की नाही ते बघत उभी राहिली. मी तो पायाखाली चेपला आणि कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी तिला नवा उघडून दिला.